पहिल्या सायकलीची निवड

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमची भाची एक प्रश्न घेऊन आमच्याकडे आली. वाळूजच्या एका कारखान्यांत तिला नोकरी लागून वर्ष झालें आहे. त्या वर्षांत पोटाला चिमटा घेऊन तिनें ३५ हजार रुपये बाजूला टाकले, आणि त्या पैशांतून तिला सायकल घ्यावयाची आहे. सायकल म्हणतांच आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें जी काळी, जड, दांड्यांच्या ब्रेकची मूर्ति उभी राहते ती नव्हे. शर्यतीच्या सायकलींच्या घडणीची, खालीं वळलेल्या हँडलची, अरुंद टायरांची जी सायकल घेऊन कांहीं तरुण मंडळी रविवारीं पहांटे दौलताबादच्या रस्त्याला लागतात, ती तिला हवी आहे. "मामा, तुम्हीं जन्मभर सायकल चालविली. मी कोणती घेऊं तें तुम्हींच सांगा," असें ती म्हणाली.

प्रश्न साधा होता. परंतु ज्यानें चाळीस वर्षें मास्तरकी केली त्याला साध्या प्रश्नाचें साधें उत्तर देण्याची संवय राहत नाहीं. आम्हीं तिला आठ दिवस थांबावयास सांगितलें, आणि ते आठ दिवस तिच्या प्रश्नाचा मागोवा घेण्यांत घालविले. तुटपुंज्या पैशांत पहिली सायकल घेणारा मनुष्य आपल्या देशांत केव्हांपासून आहे, आणि त्याला निवडावयास आजवर काय मिळालें, हा विचार मनांत घोळूं लागला. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों.

आपल्याकडील गोष्ट बेळगांवापासून सुरू करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतां तेथून सायकली विकत घेऊन बेळगांवास धाडीत, आणि त्यांचे वडील बंधु रामूअण्णा त्या तेथें विकीत. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचें स्थापनावर्ष म्हणून १८८८ हें साल मानलें जातें, आणि त्या उद्योगाचा पाया म्हणजे हें सायकलीचें दुकान. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचें यंत्र, कुंडल रोडच्या माळावर १९१० सालीं वसलेली किर्लोस्करवाडी, हें सगळें मागाहून आलें. त्या दुकानांत एका सायकलीस ७०० पासून १,००० रुपये पडत, आणि सायकल चालविण्यास शिकविण्याचे १५ रुपये निराळे घेत, असे आकडे या घराण्याच्या इतिहासांत नमूद आहेत.

पहिल्या आकड्यानें वाचकांचे डोळे विस्फारतील. आमचें लक्ष मात्र दुसऱ्यानें वेधून घेतलें. ज्या वस्तूचा उपयोग कसा करावा हेंच गिऱ्हाइकास ठाऊक नाहीं, ती वस्तु विकावयाची तर आधीं तिची विद्या विकावी लागते. त्या काळच्या शिपायाला किंवा कारकुनाला पंधरा रुपये म्हणजे महिन्याचा संसार. अर्थात् बेळगांवचें तें गिऱ्हाईक कोणी सरदार, वकील किंवा अंमलदार असणार. ज्याला सायकलीची खरी गरज, तो पायींच चालत होता.

आतां थोडें समुद्रापलीकडे जाऊं. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल द्राइस यानें दोन चाकांचें लांकडी वाहन तयार केलें. त्याला पायडल नव्हतें. बसून पायांनीं जमीन मागें रेटावयाची. १८६० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें पुढच्या चाकाला पायडल बसलें. पायडलच्या एका फेरींत चाकाचीहि एकच फेरी होणार, तेव्हां वेग वाढविण्यास चाकच मोठें केलें पाहिजे, या हिशेबानें पुढचें चाक वाढत वाढत पुरुषभर उंचीचें झालें आणि मागचें नांवापुरतें उरलें. चित्रांत ही सायकल पाहिली कीं आज हंसूं येतें. परंतु एक गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. या सायकलीचें चाक स्वाराच्या टांगेच्या लांबीवरून ठरे. जितका पाय लांब तितकें चाक मोठें. त्याहून मोठें घेतलें तर पायडलपर्यंत पाय पोंचेना. शिंप्यानें अंगरख्याचें माप घ्यावें तसें दुकानदारास गिऱ्हाइकाच्या पायाचें माप घेणें भाग होतें. माप न घेतां ही सायकल विकतांच येत नसे.

१८८५ सालीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें 'रोव्हर' बाहेर काढली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या उंचीचीं होतीं आणि पायडलचा जोर साखळीनें मागच्या चाकाला जात होता. तीन वर्षांनीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर डनलप यांनीं आपल्या मुलाच्या तिचाकीला हवेचे टायर बसविले. या दोन युक्ति एकत्र आल्या, आणि आज आपण जिला सायकल म्हणतों ती जन्मास आली. तेव्हांपासून चाक सर्वांचें एक झालें आणि माप चाकांतून सांगाड्यांत, म्हणजे फ्रेममध्यें गेलें. उंच सायकलीचें माप चुकलें तर तें त्याच क्षणीं कळे. नव्या सायकलीचें चुकलेलें माप खपून जाऊं लागलें. खोगीर वरखालीं करून कसा तरी मनुष्य तिच्यावर बसतोच. कारखान्यांना हें फार सोयीचें झालें. आमच्या मतें गरीब गिऱ्हाइकाचें दुर्दैव येथूनच सुरू होतें.

हिंदुस्थानांत सायकली येऊं लागल्या त्या बहुशः इंग्लंडच्या. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ सालीं सुमारें ४४ हजार मैलांची मजल पुरी करून परत आले. वाळवंटांतून जातांना त्यांच्या सायकली आजच्या कोणत्याहि रोड बाइकहून जड होत्या, हें भाचीला सांगितलें तेव्हां ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मामा, त्यांना सोमवारीं सकाळीं कामावर हजर व्हायचं नव्हतं." या उत्तराला आमच्याजवळ प्रत्युत्तर नाहीं.

आमच्या शहराची कथा मुंबई-पुण्याहून निराळी आहे, कारण तेव्हांचें औरंगाबाद निजामाच्या राज्यांत होतें. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी लहान मापाची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, आणि मुंबईचा माल मनमाडला मोठ्या गाडींतून उतरून लहान गाडींत चढूं लागला. गाडी बदलली कीं नाणेंहि बदले. ब्रिटिश रुपया तो 'कलदार' आणि निजामाचा तो 'हाली शिक्का'. साधारण सहा कलदारांस सात हाली हा भाव. त्यावर राज्याच्या हद्दींत येणाऱ्या मालावर शेंकडा ५ करोडगिरी, म्हणजे जकात. समजा, मुंबईस एका सायकलीची किंमत ६० कलदार आहे. तिचे हाली ७० झाले; करोडगिरीचे साडेतीन मिळवून साडेत्र्याहत्तर; वर रेल्वेचें भाडें आणि हमाली, आणि दुकानदाराचा नफा तर धरलाच नाहीं. मुंबईचा कारकून व औरंगाबादचा कारकून यांच्या पगाराचा आकडा एकच असला तरी दोघांना सायकल सारख्याच अंतरावर नव्हती. (२०२५ च्या सप्टेंबरांत सायकलीवरील वस्तु व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. करोडगिरीचाच आंकडा फिरून आलेला पाहून आम्हांला गंमत वाटली.)

मग दुसरें महायुद्ध आलें. १९४१ च्या डिसेंबरांत जपानी फौजा मलायांत उतरल्या आणि त्यांतील हजारों शिपाई सायकलींवरून दक्षिणेकडे धांवत दोन महिन्यांत सिंगापूरला भिडले. ज्या मलायाच्या रबरावर जगाचे टायर चालत तो मुलूखच त्यांनीं सायकलींवर बसून घेतला. आपल्याकडे टायर मिळेनासे झाले. विलायती सायकलींची आवकहि आटली. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. मद्रासजवळ अंबत्तूर येथें टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला ॲटलस आणि १९५६ सालीं लुधियान्यास हीरो, असे कारखाने एकामागून एक उभे राहिले. परदेशी सायकलींना दार बंद झालें, देशी सायकल स्वस्त झाली, आणि शिपाई, शिक्षक, गिरणी-कामगार व दूधवाला प्रथमच सायकलस्वार झाला. सासऱ्यानें जांवयाला सायकल देण्याची चालहि याच काळांत बोकाळली. हें सगळें कबूल करून एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारखाने देशी झाले तरी सामान्य गिऱ्हाइकापुढें सायकल आली ती एकच: काळी, दांड्यांच्या ब्रेकची, बहुधा बावीस इंची नाहीं तर चोवीस इंची. रंग, माप, दांत सर्व दुसऱ्या कोणी तरी आधींच निवडून ठेवलेलें होतें, आणि गिऱ्हाइकानें फक्त पैसे मोजावयाचे होते.

आमच्या वडिलांची पहिली सायकल तर तितकीहि निवडलेली नव्हती. १९५२ सालीं ते येथील एका कचेरींत कारकून होते. तेव्हां बाजारांत हाली आणि कलदार दोन्ही नाणीं चालत आणि पगाराच्या दिवशीं घरोघरीं त्रैराशिकें मांडलीं जात. कचेरींतील एक अधिकारी बदलून दूर जाणार होते. त्यांची इंग्लिश बनावटीची सायकल विक्रीस निघाली. किंमत रास्त होती आणि यंत्र उत्तम होतें. वडिलांनीं आईची एक पाटली मोडून ती घेतली. सायकल चोवीस इंची होती आणि वडिलांची उंची पांच फूट तीन इंच. त्यांना बावीसचीच जेमतेम झेपली असती. खोगीर अगदीं खालीं केलें तरी उभें राहतांना दांडी अडे, म्हणून चढावयास त्यांना ओटा किंवा दगड लागे आणि उतरावयाचें म्हणजे सायकल एका बाजूस कलती करून उडी टाकावी लागे. पैठण दरवाजाजवळ एका टांग्यानें वाट अडविली आणि उडी चुकली. उजवें मनगट मोडलें. हाड जुळलें, पण वांकडें. त्यानंतर त्यांचें अक्षर, जें कचेरींत नांवाजलेलें होतें, पुन्हां तसें आलें नाहीं. सायकलीबद्दल मात्र त्यांच्या तोंडून कधीं तक्रारीचा शब्द निघाला नाहीं. "इंग्लिश माल आहे," असें ते शेवटपर्यंत म्हणत. पाटलीबद्दल आईहि कधीं बोलली नाहीं.

आम्हीं स्वतः सायकल शिकलों ती तासावर आणलेल्या भाड्याच्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून, अर्ध्या पायडलनें. घरची सायकल आम्हांलाहि मोठीच होती.

आतां भाचीच्या सायकलीकडे वळूं. जुन्या काळ्या सायकलीची निंदा आम्हांला करवत नाहीं. तिचें वजन वीस किलोंच्या आसपास, पण ती दोन हंडे, एक पोतें आणि एक बायको एका वेळीं वाहून नेई. तिच्या पुढच्या चक्राला ४४ दांत आणि मागच्याला १८. म्हणजे पायडलच्या एका फेरींत ती सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. सपाटीवर हें प्रमाण उत्तम. परंतु दौलताबादचा किल्ला मागें टाकून खुलताबादचा घाट चढूं लागलें कीं हेच साडेपांच मीटर छातीवर बसतात. घाटांत उतरून सायकल ढकलीत नेणें हा आमच्या तारुण्यांतील वेरूळच्या सहलीचा ठरलेला भाग होता. नव्या सायकलीला पुढें ५० व ३४ दांतांचीं दोन चक्रें असतात आणि मागें ११ पासून ३२ पर्यंत सात-आठ. घाटांत ३४ आणि ३२ ची जोडी लावली तर एका फेरीला सव्वादोनच मीटर पुढें जावें लागतें, आणि उतारावर तीच सायकल एका फेरींत साडेनऊ मीटर धांवते. अशी गीअर बदलण्याची सोय फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतींत १९३७ पर्यंत मनाई होती. त्या शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांचें मत असें कीं, ही सोय वयस्कांसाठीं आहे, जवान गड्यानें स्वतःच्या पायांवर जिंकावें. आमच्या वयाकडे पाहतां आम्ही त्यांचे आभारी आहों.

आज जगांतील बहुतेक सायकलींचें गीअरचें सामान ज्या शिमानो कारखान्याचें असतें तो जपानांत साकाई गांवीं १९२१ सालीं निघाला. हत्यारें व सुऱ्या यांसाठीं तें गांव शतकानुशतकें प्रसिद्ध, आणि त्या कारखान्याची पहिली वस्तु म्हणजे साधें फ्रीव्हील. या सामानाच्या हल्लीं पायऱ्या पाडलेल्या आहेत. क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, वनझिरोफाइव्ह अशीं त्यांचीं नांवें भाची रामरक्षेसारखीं म्हणून दाखविते. तिच्या मित्रमंडळींत सायकलीची ओळख या नांवानेंच होते. पस्तीस हजारांत नवीन घ्यावयाची तर सर्वांत खालच्या पायरीवर थांबावें लागतें, आणि जुनी घेतली तर दोन पायऱ्या वर जातां येतें, हा तिचा पेंच.

आम्हांला जें समजलें तें तिला सांगितलें. आठ दांते असोत कीं अकरा, खुलताबादचा घाट सर्वांत हलक्या जोडीनें चढावयाचा असतो, आणि ती जोडी खालच्या पायरीवरहि मिळते. स्वस्त सायकलीवर चकतीचे ब्रेक पाहून भुलूं नये. त्या किंमतींत ते बहुधा जड असतात, आणि नीट लावलेले रिमवरचे ब्रेक कोरड्या रस्त्यावर चांगलें काम देतात. आपल्या रस्त्यांना २३ मिलिमीटरचे टायर म्हणजे रोजचें पंक्चर. २८ किंवा ३२ बसतील एवढी जागा चिमट्यांत असली पाहिजे. पस्तीसांतले चार हजार पंप, दिवा, शिरस्त्राण आणि दोन ट्यूब यांसाठीं आधींच वेगळे काढावे. जुनी सायकल असेल तर फुटपट्टी घेऊन जावें: साखळीच्या चोवीस खिळ्यांचें अंतर बरोबर १२ इंच भरलें पाहिजे, इंचाचा सोळावा भाग वाढला असेल तर साखळी गेली. सांगाड्याच्या जोडांवर रंगाखालीं केंसासारखी रेघ दिसली तर किंमत न विचारतां परत फिरावें. आणि माप. पांच फूट दोन इंचाच्या मुलीला पन्नास सेंटिमीटरच्या वरचा सांगाडा सहसा बसत नाहीं.

त्या रविवारीं आम्ही दोघें जालना रस्त्यावरील एका बंगल्यावर गेलों. तेथील गृहस्थ बदलून दूर जाणार होते, म्हणून सायकल विकावयाची होती. वनझिरोफाइव्हचें सामान, पुढचा चिमटा कार्बनचा, वजन जेमतेम नऊ किलो. मागणी बत्तीस हजार. भाचीचे डोळे चमकले तें आम्हीं पाहिलें. फुटपट्टी लावली, साखळी बारा इंच. जोड स्वच्छ. रंगावर ओरखडा नाहीं. अशी सायकल नवी घ्यावयाची तर तिला आणखी दोन वर्षें पोटाला चिमटा घ्यावा लागला असता.

सांगाड्यावर खालच्या बाजूस बारीक अक्षरांत ५४ लिहिलेलें होतें.

ती बसली. खोगीर खालीं करून तिचे पाय पायडलला पोंचले. हात मात्र हँडलपर्यंत ताठ झाले आणि मान वर उचलावी लागली. गृहस्थ भले होते. हँडलचा पुढचा तुकडा बदलून आंखूड बसविला म्हणजे चालेल, असें ते म्हणाले. तें अगदींच खोटें नव्हतें. बोट-दोन बोटें अंतर त्यानें कमी होतें. तिनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मुद्दाम कांहीं बोललों नाहीं, कारण पैसे तिचे होते आणि पाठहि तिचीच. अंगणांत तिनें चार फेऱ्या घातल्या. पांचव्या फेरीला ती फाटकाजवळ थांबली, आणि उतरतांना तिनें सायकल एका बाजूस कलती केली.

गृहस्थांना तिनें नमस्कार केला आणि सायकल भिंतीला लावून ठेवली. क्रांति चौकापर्यंत आम्ही दोघें कांहीं न बोलतां चालत आलों. तेथें सिग्नलला उभें असतां तिनें विचारलें, "मामा, आजोबांची ती सायकल शेवटीं कुणी नेली?"

हर्सूलच्या एका दूधवाल्यानें, आम्हीं सांगितलें. सहा फूट उंच होता. त्याला ती अगदीं बरोबर बसली.